चक सारखा पडतोय? आधी टेपर ओळखा, मग बाजार गाठा

जळगावची एमआयडीसी असो, धुळ्याचं अवधान असो की चोपडा-यावल रस्त्यावरची पत्र्याची शेड, ट्रॉली आणि शेतीची अवजारं बनवणाऱ्या प्रत्येक दुकानात एक पिलर ड्रिल असतं, आणि एक तक्रार ठरलेली असते: चक, म्हणजे बिट धरणारा भाग, पडतो. कल्टिव्हेटरच्या फणाच्या पट्टीला १२ मिमीचं भोक मारताना बिट शेवटच्या दोन मिमीत अडकतं, हिसका बसतो आणि चक बिटासकट टेबलावर. मग कुणी आर्बरला, म्हणजे चक मशीनला जोडणाऱ्या दांडीला, कागद गुंडाळतो, कुणी सेंटर पंचाने ठोके मारून खड्डे पाडतो, कुणी थेट वेल्डिंगचा टाका देतो. शेवटच्या दोन उपायांनी चांगला आर्बर कायमचा वाया जातो. टाका दिला तर चकही जातो, कारण जबड्यांचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं आणि पुढच्या वेळी चक काढायचा रस्ताच बंद होतो.

पंचाचे ठोके का वाईट ते आधी समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. आर्बर स्पिंडलमध्ये, म्हणजे मशीनच्या फिरत्या दांड्यात, धरून ठेवायला ना आटे असतात, ना स्क्रू. फक्त टेपर, म्हणजे निमुळता उतार, असतो. मोर्स टेपरचा उतार साधारण २० ला १ असतो, म्हणजे २० मिमी लांबीत व्यास १ मिमीने कमी होतो. एका बाजूचा कोन दीड अंशाहूनही कमी. कोरडं स्टील कोरड्या स्टीलवर सुमारे ८ अंशांपर्यंत घसरत नाही. म्हणून एकदा दाबून बसवलेला टेपर आपला आपण सुटत नाही. पण ही पकड मिळते ती दोन्ही पृष्ठभाग पूर्ण लांबीभर एकमेकांना टेकले तरच. पंचाने खड्डा पाडला की त्याच्या कडेला धातूचा उंचवटा येतो, आणि आर्बर तेवढ्या चार-सहा उंचवट्यांवरच टेकतो. बाकी सगळीकडे हवा. सुरुवातीला घट्ट वाटतं, कारण उंचवटे रुततात. थोडी भोकं मारली की ते चेपतात आणि चक पुन्हा खाली, शिवाय आता स्पिंडलच्या आतही ओरखडे.

टँग, म्हणजे आर्बरच्या वरच्या टोकाची चपटी जीभ, ताकद पेलण्यासाठी असते, हाही सगळीकडचा गैरसमज. टँगचं मुख्य काम आर्बर बाहेर काढताना ड्रिफ्टला, म्हणजे काढायच्या पाचरीला, टेकू देणं. फिरवण्याचा जोर टेपरनेच घ्यायचा असतो. टँग पिळलेली किंवा तुटलेली दिसली तर समजायचं की टेपर बरेच दिवस घसरत होता.

खरेदीला निघण्याआधी व्हर्निअर घ्या. क्विल, म्हणजे स्पिंडलला घेऊन वर-खाली होणारी नळी, हँडलने खाली आणा आणि तिच्या अंगावर लांबट आरपार खाच आहे का बघा. स्पिंडल हाताने फिरवला की एका जागी आतली खाचही तिच्याशी जुळते आणि पलीकडचा उजेड दिसतो. खाच असेल तर आत मोर्स टेपरचा सॉकेट आहे आणि आर्बर वेगळा निघतो. बऱ्याच लहान १३ मिमी बेंच ड्रिलना खाच नसते. तिथे स्पिंडलचं टोकच टेपर केलेलं असतं आणि चक थेट त्यावर बसतो. अशा मशीनला आर्बर मागायला गेलात तर फेरी फुकट.

आर्बर असेल तर त्याला दोन टोकं आणि दोन वेगळे टेपर असतात, गोंधळ इथेच होतो. वरचं टोक स्पिंडलमध्ये जातं, ते मोर्स टेपर (एमटी): एमटी २ जाड टोकाला साधारण १८ मिमी आणि टँगसकट ८० मिमी लांब, टँगची जाडी ६.३. एमटी ३ साधारण २४ मिमी, लांबी ९९, टँग ७.९. यात चूक व्हायला जागा नाही.

खालचं टोक, ज्यावर चक बसतो, ते मात्र फसवं. तिथे बी मालिकेचा टेपर असतो किंवा जेकब्स टेपर (जेटी). बी १६ चं जाड टोक १५.७३ मिमी, बी १८ चं १७.७८. जेकब्सचा जेटी ३३ जाड टोकाला १५.८५ आणि जेटी ६ चं माप १७.१७. आता बी १६ आणि जेटी ३३ बघा: जाड टोकाला फरक फक्त ०.१२ मिमी, व्हर्निअर जरा तिरपा धरला तरी तेवढा जातो. चक हाताने बसतो, घट्टही वाटतो. पण उतार वेगळा, बी १६ चा २० ला १ आणि जेटी ३३ चा जवळजवळ १६ ला १. म्हणजे फक्त एका टोकाला कडं धरलेलं. असा चक पडणार, आज नाही तर आठवड्याने. ओळखायचं असेल तर बारीक टोक मोजा: बी १६ तिथे १४.५३ येतो, जेटी ३३ चं माप १४.२४. तीन दशांश मिमीचा फरक साध्या व्हर्निअरलाही सापडतो. बी १६ ची लांबी २४ मिमी, जेटी ३३ आणि जेटी ६ दोन्ही एक इंच. चकच्या मागच्या तोंडाशी किंवा बाजूला बहुतेक वेळा नंबर ठोकलेला असतो. तेल-काळं पुसून उजेडात बघा, निम्म्या शंका तिथेच मिटतात.

दुकानात सांगायचं ते इतकं: ‘एमटी २ - बी १६, टँगवाला’. टँगवाला हे आवर्जून. मिलिंग मशीनचे आर्बरही तसेच दिसतात, पण त्यांच्या वरच्या टोकाला टँगऐवजी ड्रॉबारसाठी, म्हणजे वरून ओढून आवळायच्या लांब बोल्टसाठी, आटे पाडलेलं भोक असतं, एमटी २ ला सहसा एम १०. तो ड्रिलमध्ये बसेल छान, पण काढताना ड्रिफ्टला टेकायला काही मिळणार नाही. आणि स्पिंडल एमटी ३ असेल तर सरळ एमटी ३ - बी १६ घ्या. एमटी २ चा जुना आर्बर स्लीव्हमध्ये (माप जुळवणाऱ्या नळीत) घालून वापरता येतो, पण प्रत्येक जादा जोड आपला थोडा आउट, म्हणजे फिरतानाची डगमग, घेऊन येतो. हातड्रिलचा चक फुकट पडलाय म्हणून तो लावायचा विचार असेल, तर त्याच्या मागे आत बघा: तिथे आटे असतात, अर्धा इंची चकला सहसा अर्धा इंच व्यासाचे, इंचाला २०. टेपरवर तो बसत नाही.

आता काढण्याकडे. आधी प्लग बाहेर. नुसतं स्टॉपचं बटण दाबलेलं पुरत नाही, थ्री फेज असेल तर एमसीबी पाडा. टेबल वर घ्या, त्यावर लाकडी फळी ठेवा, चक आणि फळीत १५-२० मिमी अंतर राहू द्या. ड्रिफ्ट म्हणजे एक लांब पाचर: एक कड सरळ, एक गोलसर. गोल कड वर, खाचेच्या गोल टोकाला टेकते. सरळ कड खाली, टँगवर. उलटी घातली तर टँगवर फक्त एक बिंदू टेकतो आणि टँगला खड्डा पडतो. ड्रिफ्ट नसेल तर छिन्नी ठोकू नका. छिन्नीचा कोन जास्त, ती टँगला ढकलण्याऐवजी खाचेच्या कडा फोडते. एमटी २ ची ड्रिफ्ट महागडी वस्तू नाही, ती मशीनच्या खांबालाच साखळीने लटकवून ठेवावी.

अर्ध्या किलोच्या हातोड्याने एक नेमका ठोका. वीस हळू ठोक्यांपेक्षा एक खणखणीत ठोका बेअरिंगला कमी त्रास देतो, कारण हळू ठोक्यांत टेपर सुटत नाही आणि सगळा मार क्विलला बाजूने बसतो. समोरच्या बाजूने क्विलला लाकडाचा जड ठोकळा टेकवून दुसऱ्याला धरायला सांगा. आर्बर सुटताना ठोक्याचा आवाज बदलतो, बंद ‘ठक्’ जाऊन मोकळा येतो, आणि चक फळीवर उतरतो.

नाही सुटला तर गंज धरलाय. खाचेतून गंज सोडवणारं तेल सोडा आणि रात्रभर राहू द्या. त्यानंतरही अडलं तर मशीन वरच्या वेगावर पंधरा मिनिटं रिकामं फिरवा, बेअरिंगच्या उबेने स्पिंडल थोडा फुगतो. मग प्लग काढून चक आणि आर्बरला फडक्यात गुंडाळलेला बर्फ पाच मिनिटं धरा आणि लगेच ड्रिफ्ट ठोका. गॅस कटरची ज्योत क्विलला लावू नका, आतलं ग्रीस जळतं आणि बेअरिंगची वाट लागते. टँग तुटली असेल आणि ड्रिफ्ट पोचत नसेल, तर खाचेतून स्टीलचा एक छोटा चपटा तुकडा सरकवून ड्रिफ्ट त्यावर चालवा.

जुना आर्बर ठेवायचा आणि फक्त चक बदलायचा असेल, तर चकच्या पाठीमागे आणि आर्बरच्या खांद्यामध्ये दोन दुबेळकी पाचरी समोरासमोरून घालून दोन्ही एकदम ठोकायच्या किंवा मोठ्या व्हाइसमध्ये दाबायच्या. एकाच बाजूने पाचर घातली तर चक तिरपा होऊन आणखी अडकतो. दुसरा रस्ता म्हणजे जबडे पूर्ण आत घेऊन चकच्या बरोबर मध्यातून ६ ते ८ मिमीचं भोक पाठीमागच्या पोकळीपर्यंत मारायचं. बऱ्याच चकना ते भोक आधीच असतं, आणि चकचं अंग मध्ये मऊ असल्याने ते पडतंही सहज. मग त्यातून पंच घालून आर्बरच्या टोकावर ठोका. हे फक्त आर्बर बाहेर काढल्यावर, बाकावर. मशीनवर असताना हा मार बेअरिंगला बसतो. ज्या लहान मशीनला आर्बरच नाही, तिथे दोन पाचरींचाच मार्ग, आणि तोही ठोकण्यापेक्षा दाबून.

आर्बर हातात आला की पुसण्याआधी नीट बघा. हा भाग लोक घाईत उरकतात, आणि नेमकं इथेच कारण लिहिलेलं असतं. टेपरवर लालसर तपकिरी, बारीक मिरचीपुडीसारखी पावडर असेल तर तो गंज पावसाचा नव्हे. टेपर आत सूक्ष्म हलत होता, दोन पृष्ठभाग घासून निघालेल्या बारीक कणांचा तो गंज. गोल फिरलेले ओरखडे म्हणजे टेपर पूर्ण घसरलाय. एकाच टोकाला चकचकीत पट्टा आणि बाकी मंद म्हणजे मापाचाच घोळ, चुकीचा टेपर लागलाय. आणि पूर्ण लांबीभर एकसारखा राखी रंग असेल तर आर्बर चांगला आहे, चक पडण्याचं कारण तेल किंवा कचरा.

स्पिंडलच्या आत बोट घालून बघा, मशीन अर्थातच बंद. उंचवटा बोटाला लागतो. कापूस जिनिंगच्या मोसमात आपल्याकडे मशीनवर बारीक तंतू बसतात, पीव्हीसीच्या कारखान्यात पांढरी भुकटी, डाळ मिलमध्ये टरफलाची धूळ. एक तंतू टेपरमध्ये राहिला की आर्बर तिरपा बसतो आणि बिटाचं टोक दिसण्याइतकं झुलतं. लाकडी काठीला स्वच्छ सुती फडकं गुंडाळून आतून पुसा. रॉकेल मळ काढायला ठीक, पण ते मागे तेलकट थर सोडतं, म्हणून शेवटचा हात थिनर किंवा अॅसिटोनचा, आणि वाळू द्यायचं. नव्या आर्बरला आणि नव्या चकच्या पाठीमागच्या भोकात गंज लागू नये म्हणून चिकट तेल लावलेलं असतं. ते तसंच ठेवून बसवलेला नवा कोरा चक पहिल्याच दिवशी पडतो, आणि मग दुकानदाराशी भांडण होतं. दोष तेलाचा असतो.

आर्बरला कुठे उंचवटा असेल तर तेवढाच बारीक ऑइल स्टोनने घासा. पूर्ण टेपरला एमरी पेपर फिरवू नका, त्याने आकार बिघडतो. स्पिंडलमध्ये ओरखडे असतील तर एमटीचा फिनिशिंग रीमर हाताने, कटिंग ऑइल लावून, हलक्या दाबाने दोन-तीन फेरे. एकाच दिशेने फिरवायचा, उलटा कधीच नाही, उलट्या फेऱ्यात धार तुटते. उंचवटे गेले की थांबायचं. ओरखड्याची खोली राहिली तरी चालते, खड्डा टेपरला उचलत नाही, उंचवटा उचलतो.

आता जुळणी तपासा. मार्किंग ब्लूचा (जुळणी बघायच्या निळ्या रंगाचा) अगदी पातळ थर आर्बरवर लांबीने तीन रेघांत लावा, सॉकेटमध्ये ढकला, पाव फेरा फिरवा, काढा. ब्लू नसेल तर मार्करच्या तीन रेघाही चालतात. रेघ पूर्ण लांबीभर पुसली गेली तर उत्तम. दोन्ही टोकांना पुसली आणि मध्ये राहिली तर काम चालेल. फक्त तोंडाशी पुसली तर आर्बर बदला. चक आणि आर्बरमध्येही हीच तपासणी. बी १६ - जेटी ३३ चा घोळ असेल तर इथे लगेच उघडा पडतो: अर्ध्याहून जास्त रेघ जशीच्या तशी.

बसवताना आधी चक आर्बरवर, बाकावर. चकचे तिन्ही जबडे पूर्ण आत घ्या, तोंडाच्या कडेपेक्षा वर एक केसही नको, नाहीतर ठोक्याचा मार जबड्यांच्या आट्यांवर आणि आतल्या नटवर जातो आणि चक तिथेच मेला. चक तोंड खाली करून लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवा, आर्बर हाताने दाबून बसवा. बरोबर जुळलेला स्वच्छ टेपर नुसत्या हाताच्या दाबाने धरतो आणि काढायला हिसका लागतो. नाही धरला तर पुढे जाऊ नका, परत पुसा. मग टँगवर फायबर किंवा तांब्याच्या हातोड्याने दोन-तीन ठोके.

आर्बर फ्रीजरमध्ये आणि चक उन्हात ठेवून बसवणारेही आहेत. हिशेब असा: उणे १० अंशांचा आर्बर, जळगावच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांचा चक, म्हणजे ५५ अंशांचा फरक. १६ मिमीच्या स्टीलमध्ये त्याने व्यासात ०.०१ मिमी फरक पडतो, आणि २० ला १ च्या उतारावर तो ०.२ मिमी जादा आत शिरण्याइतका होतो. उपयोग आहे, पण फ्रीजरमधून काढलेल्या आर्बरवर दव धरतं आणि ओला टेपर म्हणजे पुढच्या वर्षीचा गंज. नीट पुसलेल्या टेपरला दोन ठोके पुरतात, माझं मत तेच.

चक जोडलेला आर्बर स्पिंडलमध्ये घालताना टँग आतल्या खाचेत जुळेपर्यंत हळू फिरवा. टँग आडवी अडकली असताना ठोकलं तर टेपर अर्धाच बसतो, आणि बाहेरून कळत नाही. जुळली की वरच्या दिशेने एक झटका द्या, धरतो. मग टेबलावर लाकूड ठेवून क्विलच्या हँडलनेच चक त्यावर दाबा. हातोड्याची गरज नाही, खालून मारलेला ठोका सरळ बेअरिंगवर जातो.

आउट बघायला डायल (सूक्ष्म हालचाल मोजणारं घड्याळ) आणि मॅग्नेटिक स्टँड लागतो. स्पिंडल नेहमी हाताने फिरवा. आर्बर घालण्याआधीच सॉकेटच्या आत डायल लावून घेतला असेल तर उत्तम: तिथे ०.०२ मिमीच्या आत हवा. तिथेच जास्त आला तर चक बदलून काही होणार नाही, बेअरिंग बघा. नंतर चकमध्ये १० मिमीची ग्राइंड केलेली डॉवेल पिन धरा, जबड्यांखाली २५-३० मिमीवर डायल. वापरलेल्या ड्रिल बिटाच्या शँकवर मोजू नका, ती सरळ असेलच असं नाही. चावीच्या साध्या चकला ०.१ ते ०.१५ पर्यंत आउट फॅब्रिकेशनला चालतो. ०.३ आला तर भोक मोठं पडेल आणि ३-४ मिमीची बिटं मोडत राहतील. अशा वेळी लगेच नवा चक आणू नका. आर्बर काढून टँग १८० अंश फिरवून बसवा आणि पुन्हा मोजा. टँगमुळे दोनच जागा मिळतात, पण चक आर्बरवर कुठल्याही कोनात बसतो. एकाचा आउट दुसऱ्याच्या उलट आला की दोन्ही बऱ्याच अंशी कटतात. चांगली जागा सापडली की तिन्ही भागांवर मार्करने एक रेघ ओढून ठेवा.

इतकं करूनही चक पडला तर कामाची पद्धत बघा. चावी तिन्ही भोकांतून आवळा, एकातूनच आवळल्याने बिट सरकतं आणि शँक गोल खरवडली जाते. पाइपच्या कडेला किंवा अँगलच्या काठावर अर्धं भोक मारताना बिटाला एकाच बाजूने धक्के बसतात आणि टेपर त्यानेच सुटतो. तिथे मागे भंगार पट्टी क्लँप करा. ड्रिलमध्ये एंड मिल घालून खाच काढायचा मोह आवरा, ड्रॉबार नसलेला टेपर बाजूचा जोर घ्यायला बनलेलाच नाही. १३ मिमीच्या वरची बिटं टेपर शँकची घेऊन थेट स्पिंडलमध्ये लावा, चकवर तो भार नको. आणि पट्टा बदलायचा कंटाळा करू नका: साध्या लोखंडात हायस्पीड बिट १० मिमीचं असेल तर ८०० च्या आसपास फेरे, १२ ला साडेसहाशे, २० ला चारशे. मशीन चालू असताना हातमोजे नकोत आणि उन्हाळ्यात गळ्यात असतो तो रुमालही नको. फिरत्या चकला दोन्ही फार आवडतात.

मृगाच्या आधी, अवजारांच्या दुरुस्तीची गर्दी ओसरली की एकदा आर्बर काढा. तीन महिन्यांच्या दमट हवेत न हललेला टेपर दिवाळीपर्यंत गंजून एकजीव होतो. दोन्ही टेपर पुसा, तेलाचा अगदी किंचित हात फिरवून कोरड्या फडक्याने परत पूर्ण पुसून काढा, बसवा, आणि रेघ जुळली का बघा.